आत सोडा

१

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. त्या ॲपचं नाव होतं 'सहजभेट', आणि त्यात सहज होणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे डोकेदुखी.

शाळेच्या छपराचं काम निघालं होतं. महिनाभर नववीचे वर्ग घरूनच भरतील, दुपारी दोन ते पाच, असं शाळेने कळवलं आणि सगळ्यांच्या माथी 'सहजभेट' मारलं. वर सूचना अशी की गणवेश घालूनच बसायचं. कंबरेखाली कोणी काय घातलंय ते शाळेला दिसणार नव्हतं, त्यामुळे अर्धा वर्ग वरून विद्यार्थी आणि खालून झोपेतून उठलेला असे.

चिमणीला घरी बसण्याचं दुःख नव्हतं. चिमणी हे आईने ठेवलेलं नाव. वर्गातली मुलं तिला म्यूट म्हणत. जी कधी चिवचिवत नाही तिला चिमणी म्हणायचं हा आईचा विनोद, आणि जिचा आवाज कुणी ऐकलेला नाही तिला म्यूट म्हणायचं हा वर्गाचा. आईचा विनोद निदान जुना तरी होता.

शिवाय आईला सध्या कोणीतरी हवंच होतं. पंधरा दिवसांपूर्वी कपाटावरचं कापडाचं गाठोडं काढताना आई स्टुलावरून पडली होती. आता तिचा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच घडी घालून पडले होते आणि शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. बाबा टँकर चालवत. ते रविवारी उगवत आणि रविवारीच मावळत. तेव्हा दिवसभर आई आतल्या खोलीत पलंगावर, चिमणी बाहेरच्या खोलीत बोटाने चालणाऱ्या लॅपटॉपसमोर, आणि मध्ये सहा पावलांचा बोळ.

हाका मारून आईचा घसा बसायला नको म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. आईच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. दोनदा वाजलं की पाणी. तीनदा वाजलं की ये.

'ये' म्हणजे काहीही असे. उशी पडली, ऊन डोळ्यांवर आलं, सुई सापडत नाही. बहुतेक वेळा मात्र काहीच नसे. "बस की जरा," आई म्हणे, "भिंतींशी किती बोलायचं माणसाने? त्यासुद्धा कंटाळल्या." चिमणी दारातच उभी राहून म्हणे, "थांब गं आई, वर्ग चालू आहे."

आणि वर्ग खरंच चालू असे. तिच्याशिवाय तो चालतच नसे, कारण चिमणी त्या वर्गाची यजमान होती.

२

हेही 'सहजभेट'चंच देणं. जो माणूस वर्ग उघडतो, मुलांना आत घेतो, गोंगाट करणाऱ्याचा आवाज बंद करतो, त्याला ते ॲप 'यजमान' म्हणे. खरं तर यजमान गणिताच्या बाईच असायला हव्यात. पण बाईंचा संगणक दर दहा मिनिटांनी मान टाके. तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी यादीवरून नजर फिरवली आणि ज्या मुलीकडून उलट उत्तराची भीती नव्हती तिला यजमान करून टाकलं.

लगेच गप्पांच्या रकान्यात अक्षरं धावू लागली.

"यजमान, पाहुण्यांना पाणी तरी विचारा!" हा चष्मिस. पहिल्या बाकावरचा, घरी असूनही पहिल्याच बाकावरचा.

"यजमान बोलत नाहीत, खुणा करतात," ही रेडिओ. तिला हे नाव का पडलं ते सांगायला नको.

चिमणीकडे उत्तरं पुष्कळ असत. ती फक्त बाहेर येत नसत.

सोमवारी ॲप उघडलं तर समोर पाटी झळकली, 'नवं रूप! आता आणखी सहज!' मागच्या वेळी ते असं सहज झालं होतं तेव्हा माइकचं बटण शोधायला तिला दोन दिवस लागले होते.

या वेळी त्यांनी रंग काढून टाकले होते. पूर्वी आत घ्यायचं बटण हिरवं आणि बाहेर पडायचं बटण लाल असे. शेंबड्या पोरालाही कळे. आता दोन्ही राखाडी. राखाडी म्हणजे म्हणे शालीन. बटणं गोल आणि चिमुकली केली होती, त्यामुळे त्यांवरची अक्षरं मावत नव्हती. वर्गातून बाहेर पडायच्या बटणावर असायला हवं होतं 'वर्ग सोडा'. ताटकळत थांबलेल्या माणसाला वर्गात घ्यायच्या बटणावर असायला हवं होतं 'आत सोडा'. दोन्हींचं मागचं शेपूट तेवढं उरलं होतं. दोन्हींवर एकच शब्द, 'सोडा'. आणि दोन्ही एकाच कोपऱ्यात.

तिने हे आईला सांगितलं, तशी आई पलंगावर पडल्या पडल्या खो खो हसली. "एक जायचं दार आणि एक यायचं दार, आणि पाटी दोन्हींवर एकच? अगं, असा मी सदरा शिवला असता तर गिऱ्हाइकाने बाहीतून डोकं काढलं असतं."

"हे शिकलेल्या माणसांनी केलंय, आई."

"ते दिसतंच आहे."

त्या दिवशी पाच वाजता वर्ग सुटला. एकेक चौकट टपाटप विझली. बाईसुद्धा गेल्या. पडद्यावर एकटी चिमणी उरली. आतून चमचा वाजला, तीनदा. "आले गं!" म्हणत तिने कोपऱ्यातल्या 'सोडा'वर बोट दाबलं.

नेमक्या त्याच क्षणी, बोट खाली येत असताना, त्या जागी एक पट्टी सरकत आली होती. 'कोणीतरी बाहेर थांबले आहे.' आणि तिच्या बोटाखाली आलेला 'सोडा' जायचा नव्हता. यायचा होता.

पडद्यावर आकडा बदलला. 'उपस्थित: २.'

तिच्या चौकटीशेजारी आणखी एक चौकट उघडली होती. काळी. नावाच्या जागी काहीच नव्हतं. उशिरा आलेला कोणी ढ असेल, असं समजून तिने लिहिलं, "तास संपला." तिने थोडी वाट पाहिली आणि लॅपटॉप मिटला.

३

मंगळवारी बाईंनी हजेरी मागितली.

वर्गात सत्तावीस मुलं, बाई धरून अठ्ठावीस. ॲप सांगत होतं एकोणतीस.

चिमणीने पुन्हा मोजलं. पण 'सहजभेट'मध्ये माणसं मोजणं म्हणजे अंगणातल्या कोंबड्या मोजणं. कोणी खोकलं की त्याची चौकट टुणकन पहिल्या ओळीत, आणि पहिल्या ओळीतली दुसऱ्या पानावर. बारापर्यंत पोचलं की सातवा बाराव्याच्या जागी. हे ज्याने बनवलं त्याला स्वतःला दहापर्यंत मोजता येत असेल का, याची तिला शंका होती.

"म्यूट, झालं का?" बाई म्हणाल्या. नाव चिडवायचं होतं, पण बाईंनाही ते आता सोयीचं झालं होतं. "किती?"

तिने माइक चालू केला. त्याला चार सेकंद लागले. "एकोणतीस, बाई."

"सत्तावीस आणि एक किती?"

"अठ्ठावीस."

"मग एकोणतिसावा काय वरून पडला? छप्पर शाळेचं उघडं आहे, तुझं नाही." वर्गभर हसू फुटलं. सगळ्यांचे आवाज बंद होते, त्यामुळे ते दिसलं फक्त. सव्वीस तोंडं एकदम उघडली आणि आवाज शून्य.

दुसऱ्या पानाच्या तळाशी तिला ती चौकट सापडली. कालचीच. काळी, बिननावाची. आज तिने तिला आत घेतलं नव्हतं. शपथेवर सांगायची वेळ आली असती तरी तिने सांगितलं असतं. मग तिने नव्या रूपाची जाहिरात पुन्हा उघडून वाचली. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'एकदा आत सोडलं की पुन्हा पुन्हा सोडायचा त्रास नाही! आम्ही लक्षात ठेवतो.'

चला, म्हणजे दोष माणसाचा नव्हता, मूर्खपणाचा होता. तिला बरंच वाटलं. कोणीतरी दोन यंत्रांवरून बसला असेल, एक फोन आणि एक संगणक. तिने चष्मिसला विचारलं. "मी? आमच्या घरी एक फोन चौघांत आहे," त्याने लिहिलं. रेडिओला विचारलं तर तिने स्वतःच्या आत्याच्या साखरपुड्यापासून सुरुवात केली.

चौकटीवर तीन ठिपके असत आणि त्यांत 'काढा' असे. ठिपक्यांवर बोट नेलं की ते नाहीसे होत. बोट बाजूला केलं की परत येत. तिसऱ्या तासाला तिने नाद सोडला आणि हजेरीत लिहिलं, 'अठ्ठावीस.'

४

बुधवारी भूमिती होती. सगळ्यांचे माइक बंद होते. बाई वर्तुळाची जीवा काढत होत्या आणि खडूऐवजी बोटाने काढत असल्यामुळे ती जीवा कमी आणि गांडूळ जास्त दिसत होती.

आतून चमचा वाजला. टण, टण. पाणी.

चिमणी उठणार, एवढ्यात हेडफोनमध्ये तोच आवाज आला. टण, टण.

ती पुन्हा बसली. आपलाच माइक चालू राहिला असणार. तिने पाहिलं तर माइकवर आडवी रेघ होती, म्हणजे बंद. तिने तो चालू केला, परत बंद केला, रेघ नीट पाहिली. मग हेडफोनचा एक कान काढून बसली.

आईने पुन्हा वाजवलं. उघड्या कानाला तो आवाज बोळातून आला, नेहमीसारखा, भिंतीला घासून बोथट झालेला. दुसऱ्या कानात तो क्षणभर मागाहून आला, आणि तिथे तो बोथट नव्हता. स्टीलवर स्टील घासल्याची बारीक कुरकुरसुद्धा त्यात होती. पेल्याजवळ उभं राहिलं तर येईल तसा.

'सहजभेट'मध्ये जो बोलेल त्याच्या चौकटीला हिरवी कड येई. तेवढा एकच रंग त्यांनी शिल्लक ठेवला होता. चिमणीने पान उलटलं. तळाशी, काळ्या चौकटीला, हिरवी कड आली होती. मग ती विझली.

"यजमान, कुठे चाललात?" उतरवून ठेवलेल्या हेडफोनमधून बाईंचा बारीक आवाज आला तेव्हा ती बोळात होती.

आई उशीला टेकून बसली होती, हातात कुणाचा तरी उसवलेला खिसा. तिने पेला पुढे केला. "आलीस एकदाची. मघाशी येऊन उभी राहिलीस आणि तशीच गेलीस. पाणी मागितलं तर ऐकूच आलं नाही जसं."

"मी कुठे आले होते?"

"दारात. पडद्याआड." आईने दोरा दातांनी तोडला. "पाय दिसत होते की. मला वाटलं, बसायला आली."

"आई, मी आत्ताच उठले. गोळ्यांनी झोप येते तुला, डुलकी लागली असेल."

"असेल बाई. गोळ्या सगळंच करतात, पाय तेवढा बरा करत नाहीत." मग तिने चिमणीची बाही धरली. "थांब, बटण लोंबतंय. टाका घालते. पांढरा दोरा संपलाय, पिवळाच आहे, चालेल? दाराच्या पडद्यालाही तोच घातलाय मी."

"घाल काहीही. लवकर. वर्ग चालू आहे."

आईने पिवळ्या दोऱ्याने बटण लावलं. लावताना ती नेहमीपेक्षा सावकाश लावत होती हे चिमणीच्या लक्षात आलं, आणि का तेही आलं. पण ती उभीच राहिली.

परत आली तेव्हा बाई तिचीच वाट पाहत होत्या. "यजमान जागा सोडून उठला की सगळा वर्ग अडकतो, कळलं? ॲप विसरलं म्हणून पाच मुलं बाहेर ताटकळली. उठायचं असेल तर आधी मला यजमान कर, मग ऊठ. रीत असते काही."

"हो, बाई."

माइक बंद होता. तिचं 'हो' कुणालाच ऐकू गेलं नाही.

५

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे इंजिन घुरघुरत होतं.

"ॲपमध्ये एक जण जास्त येतोय, बाबा."

"बंद करून चालू कर."

"केलं."

"मग चालू करून बंद कर," बाबा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. "आईकडे बघतेस ना?"

"हो."

"नुसतं बघू नको गं. बस तिच्याजवळ. फोनवर मला रस्त्यातली झाडं मोजायला लावते ती, एवढी कंटाळलीय."

फोन ठेवल्यावर चिमणीने 'सहजभेट'चा मदतकक्ष उघडला. तिथे माणूस नव्हता. एक हसरा गोळा होता, त्याचं नाव 'सोबती'.

'तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे!' गोळा म्हणाला. 'तुम्ही कोणाला आत सोडलं आहे का?' खाली दोन पर्याय होते, 'हो' आणि 'नंतर सांगतो'. 'नाही' हा पर्याय नव्हता. असल्या लोकांकडून तिची अपेक्षाही नव्हती. तिने 'हो' दाबलं.

'आत सोडलेल्यास बाहेर काढण्याचा अधिकार यजमानास आहे. तुम्ही यजमान आहात का?'

'हो.'

'यजमान घरात आहेत का?'

चिमणी हसली. भाषांतर करणाऱ्याला धरून बडवायला हवं. यजमान वर्गात आहेत का, असं असणार ते. गाढवांना शब्द बघून शब्द ठेवायचा एवढंच कळतं. तिने 'हो' दाबलं.

गोळ्याने बराच वेळ घेतला. तीन ठिपके उड्या मारत राहिले. मग आलं, 'आम्ही खात्री करून घेत आहोत.'

तिने लॅपटॉप मिटला आणि उठून बाहेरच्या दाराची कडी पाहिली. कडी लावलेली होती. लावलेलीच असणार. असल्या फालतू ॲपपायी आपण उठून कडी बघावी याचा तिला राग आला.

६

गुरुवारी, इतिहासाच्या तासाला, त्या काळ्या चौकटीचा कॅमेरा चालू झाला.

आधी नुसता करडा उजेड. मग त्यात कडा आल्या. उजवीकडे दाराची चौकट, मधोमध कापडाची खालची पट्टी. हिरवट पडदा, कोपऱ्याला रफू केलेला. रफू पिवळ्या दोऱ्याने.

"ए, पडदा कोणाचा रे?" चष्मिसने लिहिलं.

"पडदा उघडा, नाटक सुरू करा!" रेडिओने लिहिलं, आणि खाली अकरा जणांनी टाळ्या दिल्या.

म्हणजे तो सगळ्यांना दिसत होता. चिमणीने गेले तीन दिवस स्वतःला जे जे समजावलं होतं, ते ते त्या अकरा टाळ्यांनी पार पुसून टाकलं.

तिने मान वळवली. ती बसली होती तिथून बोळ सरळ दिसे. बोळात कोणी नव्हतं. टोकाला हिरवा पडदा होता, स्तब्ध. तिने पुन्हा लॅपटॉपवर पाहिलं. तिथला पडदा किंचित आत-बाहेर होत होता, कोणी अगदी जवळ उभं राहून श्वास सोडावा तसा. पुन्हा बोळात पाहिलं. आता तिथलाही होत होता.

खिडकी उघडी असेल, वारा असेल. आईची खिडकी उघडीच असते.

"कोण आहे ते? शिस्त म्हणून काही नाही," इतिहासाचे सर म्हणाले. "यजमान, काढा त्यांना."

आज ठिपके पळाले नाहीत. अगदी शहाण्यासारखे थांबले. 'काढा'वर बोट ठेवताच चौकट आली, 'तुम्हाला खात्री आहे?' खात्री! तिने 'हो' दाबलं. मग दुसरी चौकट आली.

'ही व्यक्ती यजमानाच्याच घरातून जोडलेली आहे. घरच्या व्यक्तीला काढता येत नाही.'

ती उठली, धावतच बोळातून गेली आणि पडदा ओढला. आई झोपली होती, तोंड उघडं, मांडीवर उसवलेला खिसा. खिडकी बंद होती.

"आई."

"अं? काय गं?" आई डोळे चोळत जागी झाली. चिमणीला पाहून तिचा चेहरा फुलला. "बसतेस?"

"नाही. आई, तू... इथे कोणी आलं नाही ना?"

"कोण येणार? तुझ्याशिवाय मला आहे कोण? आणि तू येतेस ती पाटीसारखी दारात उभी राहतेस." आईने पलंगाच्या कडेवर हात थोपटला. "सांग की काहीतरी. वर्गात काय झालं? ती बडबडी काय म्हणते?"

बाहेरून सरांचा आवाज येत होता, "यजमान? यजमान?"

"उद्या, आई. उद्या नक्की बसते."

"उद्या, उद्या," आई म्हणाली. रागाने नाही. "बरं, दार ओढून घेऊ नको. पडदाच असू दे. ती कडी एकदा बसली की मला उठून काढता यायची नाही."

७

शुक्रवारी चाचणी होती, गणिताची, वीस गुणांची. सगळे खाली मान घालून लिहीत होते. अठ्ठावीस चौकटींत सत्तावीस भांग आणि एक बाई. एकोणतिसावी चौकट काळीच होती, आणि चिमणीने ठरवलं होतं की आज तिच्याकडे बघायचं नाही. चाचणी संपली की पाच वाजता आईजवळ जाऊन बसायचं. तासभर. लॅपटॉप मिटून.

तीन वाजून दहा मिनिटांनी चमचा वाजला. टण, टण, टण.

ये.

तो बोळातूनही आला आणि कानातही. आज दोन्ही एकदमच आले, मागेपुढे नाही.

"आले," ती पुटपुटली, आणि तशीच उठून पळाली असती. पण बाईंनी मान वर करून पाहिलं, तेवढंच पुरलं. रीत असते काही. आधी बाईंना यजमान करायचं, मग उठायचं. दहा सेकंदांचं काम. तिने कोपऱ्यातला 'सोडा' दाबला, या वेळी पट्टी नाही ना ते दोनदा बघून, बरोबर तो.

चौकट आली, 'जाण्यापूर्वी नवे यजमान निवडा.' खाली नावांची यादी.

टण, टण, टण.

यादीच्या मागे, अर्धवट झाकलेली, एकोणतिसावी चौकट उजळली होती. न बघायचं ठरवूनही तिने पाहिलं. पडदा बाजूला झाला होता. पलंग दिसत होता, पायथ्याकडून, प्लास्टरचा पांढरा पाय मोठा मोठा. पलीकडे आई. ती सरळ समोर बघत होती, आणि ओळखीचं हसत होती, मोकळं, गेल्या पंधरा दिवसांत चिमणीने न पाहिलेलं. ती पेला आणि चमचा पुढे करत होती, घे आता, झालं याचं काम, अशासारखं. चौकटीच्या खालून एक हात पुढे झाला आणि त्याने दोन्ही अलगद घेतलं. गणवेशाची बाही. मनगटाजवळ बटण. बटणाला पिवळा दोरा.

चिमणीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. पिवळा दोरा जागच्या जागी होता.

तिने यादीत बाईंच्या नावावर बोट आणलं. तेवढ्यात तिकडे कोणीतरी बोललं असावं, कारण हिरवी कड आली, आणि जो बोलेल तो टुणकन वर, या त्या अडाणी नियमाने सगळी यादी एक घर खाली सरकली. तिचं बोट पडलं ते पहिल्या ओळीवर. त्या ओळीत नाव नव्हतं.

खाली बटण होतंच. त्यावर एकच शब्द होता. तो तिने दाबला की आपोआप दाबला गेला, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

वर्ग नाहीसा झाला. भांग, बाई, चाचणी, सगळं. राखाडी पडद्यावर शालीन अक्षरं उरली.

'यजमान बदलले आहेत. आपण बाहेर आहात. कृपया थांबा. यजमान आपल्याला आत सोडतील.'

ती बोळातून धावली. सहा पावलं. पडदा ओढला आणि पडद्यामागे दार होतं, जे पंधरा दिवसांत कधी मिटलं नव्हतं. ते मिटलेलं होतं. तिने ढकललं. आतून कडी होती.

"आई!"

आईचा आवाज आला. भीतीचा नव्हता. बसल्या बसल्या, कोणाशी तरी बोलतानाचा होता. "अगं, मग ती काय म्हणाली? आणि चष्मिस? सांग ना सगळं, आज कशी बोलतेस गं एवढी! चिमणे, तुझी जीभ कुठे होती इतके दिवस?"

आणि कोणीतरी सांगत होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण ओघ होता, न अडखळता, हसत खिदळत. आवाज चिमणीच्या ओळखीचा होता. मनातल्या मनात उत्तरं देताना तिला तो रोज ऐकू येई.

"आई, दार उघड! आई, मी आहे बाहेर!" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडली. तिच्या कानांना तसं वाटलं तरी. आतलं बोलणं जराही थांबलं नाही.

पायाला काहीतरी थंड लागलं. उंबऱ्याशी, बाहेरच्या बाजूला, स्टीलचा पेला आणि चमचा नीट मांडून ठेवला होता.

तिने खाली बसून ते उचललं. मोजून वाजवलं. टण, टण, टण.

"कोण गं वाजवतंय बाहेर?" आईने विचारलं.

"वाजवू दे," तिचाच आवाज म्हणाला, दाराच्या अगदी जवळून. "थांबेल ती. आपलं चालू आहे ना."